काळ्या मातीच्या उतारावर कृत्रिम हिरवळ: पाणी मुरणार नाही असं धरूनच कामाला लागा

कृत्रिम हिरवळीच्या (टर्फच्या) पाठीला तीन-चार इंचांवर एकेक भोक असतं. दुकानात ते दाखवून सांगितलं जातं, ‘बघा, पाणी तुंबायचा प्रश्नच नाही.’ टर्फमधून पाणी खाली उतरतं हे खरं आहे. पण पुढे ते कुठे जातं, हे टर्फ ठरवत नाही, खालची माती ठरवते. मुरमाड जमिनीत ते मुरून जातं. पुण्याच्या पूर्वेकडच्या, नगर-सोलापूरच्या, मराठवाडा-विदर्भातल्या काळ्या जमिनीत ते मुरत नाही. मातीच्या पाठीवर साचतं किंवा उताराने खाली धावतं, आणि धावताना बारीक खडी सोबत घेऊन जातं.

काळी माती ही दख्खनच्या बसाल्टची झीज होऊन बनलेली. तिच्यातलं माँटमोरिलोनाइट हे चिकणखनिज पाणी पिऊन फुगतं आणि सुकलं की आकसतं. उन्हाळ्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि जून-जुलैत मिटतात, ते यामुळेच. तिच्यावर थेट अंथरलेल्या टर्फला या दोन्ही हालचाली सोसाव्या लागतात. त्यात उतार असला की खालचा सगळा थर हळूहळू पायथ्याकडे सरकू बघतो.

म्हणून इथे कामाचा विचारच उलटा करावा लागतो. पाणी जमिनीत घालवायचं नाही, तर जमिनीत शिरू न देता बाजूने बाहेर काढायचं. टर्फखाली एक छप्पर बांधतो आहोत असं समजा, फक्त ते जमिनीला टेकलेलं आहे. छपराला जे लागतं तेच इथेही लागतं: सलग उतार, कौलांसारखे एकावर एक चढलेले पदर, खाली पन्हळ आणि पन्हळीला बाहेर पडायला वाट.

पुढची सगळी मापं २० फूट रुंद आणि ३० फूट लांब, म्हणजे ६०० चौरस फुटांच्या अंगणाची आहेत. लांबीत साडेतीन फूट उतार, म्हणजे साधारण १२ टक्के. आपल्या जागेप्रमाणे आकडे त्याच पटीत बदलून घ्या.

माती आणि उतार मोजणं

अंगणात वर, मध्ये आणि खाली असे एक फूट लांब-रुंद-खोल तीन खड्डे घ्या. संध्याकाळी पाण्याने भरा आणि रात्रभर तसेच राहू द्या. सकाळी पुन्हा भरून पट्टी उभी करा आणि तासाला पाणी किती उतरतं ते पाहा. अर्ध्या इंचापेक्षा कमी उतरलं तर ती जमीन पाणी घेत नाही असंच समजून चाला. रात्रभर भिजवणं टाळू नका. मे महिन्यात पहिलं पाणी भेगांमधून भसकन नाहीसं होतं आणि निचरा चांगला आहे असा भलताच समज होतो.

माती किती फुगते हेही घरी कळू शकतं. वाळवून, कुटून, वस्त्रगाळ केलेली १० ग्रॅम माती १०० मिलीच्या दोन मोजपात्रांत टाका. एकात पाणी भरा, दुसऱ्यात रॉकेल. रॉकेलमध्ये माती फुगत नाही. चोवीस तासांनी दोन्हींतल्या मातीची उंची वाचा. रॉकेलमध्ये १० मिली आणि पाण्यात १७ मिली असेल, तर फुगवटा ७० टक्के. पन्नासच्या वर आकडा गेला की मुरमाचा थर टाळता येत नाही. रॉकेल मिळालं नाही, तर सिव्हिल प्रयोगशाळा ‘फ्री स्वेल’ या नावाने हीच चाचणी करून देतात.

उतार मोजायला गवंड्याची लेव्हलची नळी पुरते. पारदर्शक नळीत पाणी भरा, बुडबुडा अडकलेला नाही ना हे पाहा आणि वरच्या व खालच्या खुंटीवर पाण्याची पातळी खूण करा. दोन खुणांची जमिनीपासूनची उंची वजा केली की उतार मिळतो. पन्नास फुटांना एक फुटाहून कमी उतार असेल, तर अडचण घसरण्याची नाही, पाणी रेंगाळण्याची आहे. मग उतार मुद्दाम वाढवून घ्यावा लागतो. पन्नासला एक ते दहाला एक ही सर्वांत सोयीची जागा. दहाला एक ते पाचला एक इथे पुढची सगळी खबरदारी घ्यायची. चारला एक किंवा त्याहून उभं असेल, तर टर्फ अंथरण्याचा हट्ट सोडून आधी दगडी ताली घालून टप्पे पाडा. तालीमागे खडीचा भराव आणि तालीत दर चार फुटांवर पाणी निघायला भोक हवं, नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात ती पोट काढते.

आणखी एक गोष्ट आताच बघून ठेवा: पाणी शेवटी सोडणार कुठे? नाला, रस्त्याची गटार, खालच्या बाजूची मोकळी जागा, काहीतरी हवं, आणि ते पाणी बाहेर नेणाऱ्या चराच्या तळापेक्षा खाली हवं. शेजाऱ्याच्या कुंपणात पाणी सोडणं हा मार्ग नव्हे. शोषखड्डाही काळ्या मातीत उपयोगाचा नाही. तो एकदा भरला की भरलेलाच राहतो. बाहेर जायला वाट नसेल, तर तिथे कृत्रिम हिरवळ न घालणंच शहाणपणाचं.

काम वाफशावर

शेतकरी पेरणीसाठी जो वाफसा पाहतो तोच इथेही पाहायचा. मूठभर माती दाबून गोळा करा. अंगठ्याने दाबल्यावर तो फुटला पण भुगा झाला नाही, तर वाफसा आहे. बोटांना चिकटला तर अजून ओल आहे. ऑक्टोबर अखेर ते डिसेंबर हा काळ बहुतेक ठिकाणी जमतो. मे महिन्यात भेगाळलेल्या मातीवर थर रचला, तर जूनमध्ये माती फुगते आणि वरचं सगळं उचलून धरते. पावसाळ्यात रोलर फिरवला, तर मातीचं लोणी होतं आणि ते महिनाभर बसत नाही. ठेकेदाराला घाई असली, तरी ही अट सैल करू नका.

लव्हाळा आणि हराळी यांचा बंदोबस्तही याच वेळी करायचा. लव्हाळ्याच्या जमिनीतल्या गाठी राहिल्या, तर त्याचे टोकदार कोंब टर्फखालचं कापड भोसकून वर येतात. कृत्रिम हिरवळीतून खरं गवत उगवलेलं दिसतं ते बहुधा हेच. खोदकामाआधी जागेला पाणी द्या, दोन-तीन आठवडे कोंब येऊ द्या, मग कुदळीने गाठींसकट काढा. वरवर कापून काही होत नाही.

पहिला चर वरच्या कडेला

उतारावरचं सगळ्यात मोठं पाणी टर्फवर पडलेलं नसतं, वरून वाहत आलेलं असतं. ते टर्फच्या हद्दीत शिरण्याआधीच अडवायचं. वरच्या कडेबाहेर १ फूट रुंद, दीड फूट खोल चर घ्या आणि तळाला शंभर फुटांना एक फूट उतार ठेवा. घराच्या पागोळ्यांचं किंवा छपराच्या पाइपचं पाणी या चरात सोडू नका. त्याला स्वतंत्र पाइप द्या.

काळ्या मातीत या चराची एक खोड आहे. चरात उभं राहिलेलं पाणी उताराच्या बाजूच्या भिंतीतून झिरपतं आणि टर्फखालची माती वरच्या कडेला फुगते. हा चर निचऱ्यासाठी केला आणि त्यानेच उंचवटा आणला, असं होऊ नये म्हणून चराचा तळ आणि उताराकडची भिंत जाड प्लास्टिकने झाका. त्यावर जिओटेक्स्टाइल, म्हणजे पाणी जाऊ देणारं पण माती अडवणारं कापड, मग दोन इंच खडी, मग ४ इंची छिद्रांचा पीव्हीसी पाइप, छिद्रं खाली करून. वर २० मिमी खडी काठोकाठ भरा आणि जिओटेक्स्टाइलची टोकं वरून एकमेकांवर दुमडा. अशा चराला लांबीच्या दर फुटाला सहा फूट रुंद कापड लागतं. दोन्ही बाजूंच्या भिंती, तळ, झाकण आणि दुमड धरून.

हा पाइप टर्फखालून नेऊ नका. कडेच्या बाजूने, बिनछिद्रांच्या पाइपने खाली आणा.

दुसरा चर पायथ्याला, खालच्या कर्बच्या (कडेच्या दगडांच्या) आतल्या बाजूला सहा इंच सोडून. मापं तीच, रचना तीच. टर्फमधून उतरलेलं पाणी खडीतून वाहत इथे येतं. तासाला १०० मिमी वेगाचा पाऊस धरला, तर ६०० चौरस फुटांवर ताशी साधारण ५,६०० लिटर पाणी होतं, म्हणजे सेकंदाला दीड लिटर. शंभरला एक उताराचा स्वच्छ ४ इंची पाइप याच्या तिप्पटीहून जास्त वाहून नेतो. जास्तीची ही जागा गाळासाठी आहे, आणखी एखादी गच्ची जोडण्यासाठी नाही. चराच्या दोन्ही टोकांना पाइपचं तोंड वर काढून झाकण लावा, म्हणजे पुढे पाणी मारून तो धुता येतो.

खोदकाम आणि मुरूम

टर्फखालचे तीन थर असे: सहा इंच मुरूम, चार इंच खडी, एक इंच ग्रिट (अगदी बारीक खडी). एकूण अकरा इंच. मुरूम मात्र टर्फच्या हद्दीबाहेर चारही बाजूंनी एक फूट पुढे न्यायचा. हे बऱ्याच ठिकाणी गाळलं जातं आणि तिथेच कडा खचतात. कारण साधं आहे: टर्फखालची माती बारमाही थोडी ओलसर राहते, कडेबाहेरची उन्हाळ्यात सुकून आकसते. ओल-सुकीची ही सीमारेषा नेमकी कर्बखाली आली की कर्ब बाहेर झुकतो. मुरमाची पट्टी ती रेषा एक फूट लांब ढकलते. घराच्या जोत्याभोवती फरशी करतात, त्यातला एक हेतू हाच असतो.

खोदताना तळ घसरगुंडीसारखा गुळगुळीत करू नका. आडव्या, दोन-तीन फूट रुंदीच्या उथळ पायऱ्या काढा, प्रत्येक पायरी किंचित बाहेर कललेली. मुरूम त्यात अडकून बसतो. पायरी आत कलली, तर तिथे पाणी मुक्काम करेल. झाडाची मुळं, विटांचे तुकडे, चुनखडीचे मोठे खडे काढून टाका. निघालेली माती फुगून आठ ब्रासच्या (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट) आसपास होते. ती वरच्या बाजूला ढीग करून ठेवली, तर पहिला पाऊस तिला तुमच्या नव्या खडीत आणून बसवतो.

मुरूम कशासाठी? फुगणाऱ्या मातीवर न फुगणाऱ्या, पण चिकटून बसणाऱ्या मातीचा थर दाबला, तर खालच्या फुगवट्याला आळा बसतो. पवईच्या आयआयटीत प्रा. आर. के. कट्टी यांनी ही कल्पना विकसित केली आणि ती काळ्या जमिनीतल्या कालव्यांच्या अस्तरीकरणात वापरली गेली. कालव्याला असा थर बराच जाड लागतो. अंगणात वजन कमी आणि एखाद-दोन सेंटिमीटर हालचाल चालण्यासारखी, म्हणून सहा इंचांवर भागतं. माती फार फुगणारी निघाली तर नऊ इंच घ्या.

मुरूम पिवळसर-तांबूस, टणक कणांचा हवा. चिमटीत घेऊन ओला केल्यावर बोटं काळपट-चिकट झाली, तर त्यात माती मिसळलेली आहे. ट्रॉली परत पाठवा. तीन-तीन इंचांच्या दोन थरांत पसरा, झारीने पाणी शिंपडा आणि प्लेट कॉम्पॅक्टरने दाबा. दिशा नेहमी खालून वर. कॉम्पॅक्टर उताराला आडवा चालवला की खालच्या अंगाला घसरतो; अवघड जागी त्याला दोर बांधून वरून एकाने धरावं. कोपऱ्यांत धुमसच कामाला येते. टाच जोरात मारून खूण उठत नसेल, तर थर बसला.

मुरूम मिळत नसेल, तर मातीच्या वरच्या सहा इंचांत चुना मिसळण्याचा पर्याय आहे. भिजवलेल्या चुन्याची भुकटी मातीच्या कोरड्या वजनाच्या चार टक्के, म्हणजे चौरस फुटाला साधारण ८०० ते ९०० ग्रॅम. माती फोडून, चुना मिसळून, ओलसर करून दोन-तीन दिवस झाकून ठेवा, पुन्हा फोडा आणि मग दाबा. डोळ्यांना चष्मा, हातमोजे आणि तोंडाला कापड हवंच, कारण चुन्याने डोळे भाजतात. ६०० चौरस फुटांना अर्धा टन चुना हाताने सारखा मिसळणं फार कष्टाचं आहे. जवळपास मुरूम असेल, तर या वाटेला जाऊ नये.

मुरमाची पाठ हेच आपलं छप्पर. दहा फुटी ॲल्युमिनियमची सरळ पट्टी उताराच्या दिशेने ठेवून पाहा. खाली अर्ध्या इंचाहून मोठी पोकळी दिसली, तर भरून पुन्हा दाबा. इथला खळगा पुढे खडीने झाकला जातो, दिसत नाही, पण पाणी त्यात बसून मुरमातून माती गाठतं.

कापड, खडी, ग्रिट

मुरमावर २०० जीएसएमचं (चौरस मीटरला २०० ग्रॅम वजनाचं) न विणलेलं जिओटेक्स्टाइल. पट्टे आडवे अंथरायचे, खालून सुरुवात करून, वरचा पट्टा खालच्यावर एक फूट चढवून. कौलांची रीत. उलट अंथरलं तर प्रत्येक जोडात पाणी शिरतं. कापडाखाली प्लास्टिकचा कागद घालण्याचा सल्ला काही जण देतात. सपाट जागी तो चालून जाईल, उतारावर मात्र कापड आणि प्लास्टिक यांच्यात घसरण तयार होते आणि वरचा सगळा डोलारा एका पावसात खाली येऊ शकतो.

कापडावर चार इंच खडी, १० आणि २० मिमी मिसळून, दगड फोडून केलेली, धारदार कडांची. नदीतले गोटे किंवा गोल रेती उतारावर नको. ती गोट्यांसारखी घरंगळते. खडीत डस्ट (दगडाची भुकटी) मिसळून घ्या, चांगली बसते, असं ठेकेदार सुचवतो. बसते हे खरं. पण डस्ट दाबली की जवळपास काँक्रीटसारखी होते, पाणी तिच्यातून न जाता वरून वाहतं आणि टर्फच्या पोटाला लागून डबकी होतात. वाहता वाहता तीच डस्ट पायथ्याच्या चरात गाळ होऊन बसते. पोकळी हेच या थराचं काम आहे.

उतार सातला एकच्या पुढे असेल, तर नुसती खडी टिकत नाही. चार इंच उंचीचा जिओसेल, म्हणजे मधाच्या पोळ्यासारखी प्लास्टिकची जाळी, ताणून अंथरा. वरच्या ओळीला दर दोन फुटांवर आणि मधे चार-चार फुटांवर १० मिमी सळईचे दीड-दोन फुटी खुंटे ठोका, वरचं टोक छत्रीच्या मुठीसारखं वाकवलेलं. मग वरून खडी भरा. आमच्या बारा टक्क्यांच्या उदाहरणात जिओसेलशिवाय चालतं.

वर एक इंच ग्रिट, ६ मिमी आणि खाली, शक्य तर धुतलेली. तिने खडीच्या टोकांवर गादी बसते. ती हलकेच दाबा आणि पट्टीने समपातळी करा. टर्फ कुठलाही उंचवटा लपवत नाही. संध्याकाळच्या तिरप्या उन्हात पाव इंचाची लाटसुद्धा दिसते.

आता, टर्फ घालण्याआधी, पाण्याची चाचणी. हजार लिटरच्या टाकीतून वरच्या कडेला दहा-पंधरा मिनिटांत पाणी सोडा आणि खालच्या पाइपच्या तोंडाशी उभे राहा. काही मिनिटांत धार लागली पाहिजे आणि ती आधी गढूळ, मग निवळ झाली पाहिजे. गढूळच राहिली तर ग्रिट वाहते आहे. धारच आली नाही, तर कुठेतरी उलटा उतार आहे. आता ते उकरून नीट करायला एक दिवस जाईल. टर्फ चिकटवल्यावर सगळं काम पुन्हा.

कडा

लाकडी पट्ट्या नकोत. वाळवी दोन वर्षांत त्या पोकळ करते. सलग काँक्रीटचा कर्बही काळ्या मातीत तडकतो. तयार कर्बचे दगड मुरमाच्या पट्टीवर बसवा आणि दर पाच फुटांवर अर्धा इंच फट मोकळी सोडा. खालच्या कर्बमध्ये दर तीन फुटांवर खडीच्या तळाशी दोन इंची पाइपचा तुकडा आरपार ठेवा. पायथ्याचा चर कधी तुंबलाच, तर पाण्याला ही दुसरी वाट. कर्बची पाठ टर्फच्या दोऱ्यांपेक्षा थोडी खाली राहू द्या, म्हणजे ती दिसतही नाही आणि ठेचही लागत नाही.

टर्फ

उतारासाठी ३० ते ३५ मिमी उंचीचं, दाट, मधे कुरळ्या धाग्यांचा थर असलेलं टर्फ घ्या. पन्नास मिमीचं मऊशार टर्फ उतारावर लोळतं आणि वाळू मागतं, आणि वाळू उतारावर टिकत नाही. पाठ पॉलियुरेथेनची मिळाली तर उत्तम. सतत ओल्या जागी लेटेक्सची पाठ लवकर सुटते.

रोल उताराच्या दिशेने, वरून खाली. जोड कधीही आडवा येऊ देऊ नका. आडव्या जोडावर सगळ्या वजनाचा ताण येतो आणि वाहतं पाणी त्याला धडकतं.

रुंदीचं गणित आधी करा. रोल बहुधा दोन मीटरचे, म्हणजे तीन रोल मिळून १९ फूट ८ इंच. प्रत्येक जोडाला दोन्ही कडांच्या दोन-तीन शिवणी कापाव्या लागतात, त्यात आणखी तीनेक इंच जातात. उरतात १९ फूट ५ इंच. वीस फुटांच्या अंगणात ही सात इंचांची तूट असते, आणि सात इंचांची चिंधी जोडणं म्हणजे आजार विकत घेणं. त्यापेक्षा दोन्ही बाजूंना साडेतीन-साडेतीन इंचांची गोट्यांची पट्टी ठेवा. दिसायलाही बरी, आणि वाहून आलेला पाचोळा तिथेच अडकतो.

लांबी नकाशावर नव्हे, उतारावर फीत टाकून मोजा. इथे ३० फुटांचे ३० फूट अडीच इंच होतात, चारला एक उतारावर जवळपास ३१ फूट. प्रत्येक तुकडा ३१ फुटांचा घ्या. पंचवीस मीटरच्या, म्हणजे ८२ फुटी रोलमधून असे दोनच तुकडे निघतात. तिसरा दुसऱ्या रोलमधून येणार असेल, तर लॉट नंबर तोच आहे का ते पाहून घ्या. वेगळ्या लॉटचा हिरवा रंग किंचित वेगळा असतो आणि तो अंगणात गेल्यावरच कळतो.

तिन्ही तुकड्यांच्या दोऱ्यांचा कल एकाच दिशेला हवा. तळहात फिरवून पाहा. ज्या बाजूला हात गुळगुळीत जातो तो कल. एक तुकडा उलटा बसला, तर तो कायमचा वेगळ्या रंगाचा दिसतो.

अंथरून दोन-तीन तास उन्हात पडू द्या, घड्या बसतात. मग वरची कड पक्की करा: आठ इंची जस्त चढवलेले खिळे सहा-सहा इंचांवर, नागमोडी दोन ओळींत. खाली पाच इंच खडी-ग्रिट असल्याने सहा इंची खिळा मुरमात जेमतेम इंचभर जातो आणि वर्षभरात वर येतो. आठ इंचीचे तीन इंच मुरमात पकडतात, आणि काळ्या मातीपर्यंत पोचत नाहीत हेही बरंच, कारण फुगणारी माती खिळे वर ढकलते. वरून पक्कं झालं की खालून ताणत बाजू ठोका. भर दुपारी पूर्ण ताणून ठोकू नका. तापलेलं टर्फ पसरलेलं असतं, रात्री आकसतं आणि जोड उघडतो. सकाळी किंवा उन्हं उतरल्यावर ठोका.

जोडासाठी मागून, दोन शिवणींच्या मधून, धारदार पात्याने कापा. दर दोन-तीन कापांना पातं बदला. दोन कडांमधली फट २ ते ३ मिमी. खाली एक फूट रुंदीची जोडपट्टी, तिच्यावर दोन घटकांचा पॉलियुरेथेन गोंद, मीटरला साधारण ४०० ग्रॅम. पट्टी आणि टर्फची पाठ दोन्ही कोरडी हवीत. सकाळचं दव असेल तर थांबा. कडा मिटवताना दोरे फटीत अडकू देऊ नका आणि गोंद सुकेपर्यंत वर वाळूच्या पिशव्या ठेवा. जोडाच्या दोन्ही अंगांना आठ-आठ इंचांवर खिळे, मधल्या भागात दोन-दोन फुटांवर. एकूण सहाशे धरा. खिळा ठोकण्याआधी दोरे बोटांनी बाजूला करा, नाहीतर जागोजागी खळी पडते.

सिलिका वाळू चौरस फुटाला अर्धा किलो पुरे, एकूण ३०० किलो. सपाट जागेला यापेक्षा जास्त सांगतात, पण उतारावर जास्तीची वाळू पहिल्या पावसात पायथ्याशी दिसते. पाचला एक उतारावर आणखी कमी करा आणि खिळे वाढवा. वाळू दोरे उभे राहतील अशी कडक ब्रशने, खालून वर झाडत बसवा.

सामानाची यादी, उदाहरणातल्या अंगणासाठी

मुरूम साडेचार ब्रास, कडेची पट्टी आणि दाबल्यावरची घट धरून. खडी थरासाठी अडीच ब्रास आणि दोन्ही चरांसाठी पाऊण ब्रास. मिळून सव्वातीन मागवा. ग्रिट पाऊण ब्रास. जिओटेक्स्टाइल ९० चौरस मीटर. छिद्रांचा ४ इंची पाइप ४० फूट, बिनछिद्रांचा बाजूने खाली यायला ३५ फूट, शिवाय पुढे नाल्यापर्यंत जेवढा लागेल तेवढा. जोडपट्टी ६५ फूट, गोंद १० किलो. वाळूच्या ५० किलोच्या सहा पिशव्या. मुरूम-खडीची ट्रॉली किती ब्रासची हे तोंडी मान्य करू नका. पेटीची लांबी, रुंदी, उंची फुटांत मोजून गुणा आणि शंभराने भागा.

बिघाड कसा ओळखायचा

उताराला आडव्या सुरकुत्या उठल्या, तर वरच्या कडेचे खिळे सुटले आहेत किंवा खडी सरकते आहे. सुरकुती कापून जोडू नका, आधी वरची कड उघडून पाहा. पायथ्याशी पोट सुटलं, तर खालचा चर गाळाने भरला आहे. वरच्या कडेलाच उंचवटा आला, तर चराचं प्लास्टिक फाटलं आहे किंवा बागेचा नळ कुठेतरी गळतो आहे. काळ्या मातीत गळका नळ पावसापेक्षा जास्त नुकसान करतो, कारण तो एकाच जागी भिजवतो. मे महिन्यात कर्ब आणि टर्फ यांच्यात फट दिसली आणि ऑगस्टमध्ये मिटली, तर ती मातीची श्वासोच्छ्वासासारखी हालचाल आहे. ग्रिट भरा आणि सोडून द्या. दरवर्षी वाढत गेली तरच मुरमाची पट्टी रुंद करा. टर्फ पोकळ वाजू लागलं, तर खाली घुशीचं बीळ असण्याची शक्यता मोठी. पाइपच्या उघड्या तोंडाला जाळी नसली, तर ती तिथूनच आत येते.

जवळ मोठं झाड असेल, तर त्याच्या फांद्यांच्या घेराखाली टर्फ नेऊ नका. मुळं उन्हाळ्यात मातीतलं पाणी ओढतात आणि तेवढ्याच भागात जमीन खचते.

मेच्या शेवटी चराची दोन्ही झाकणं उघडून पाइपमध्ये जोराचं पाणी मारा, बाहेरच्या तोंडाची जाळी साफ करा. पहिल्या मोठ्या पावसात छत्री घेऊन वरच्या कडेपाशी जा. पाणी चरात न जाता त्यावरून उडी मारून टर्फवर येत असेल, तर चराच्या खालच्या कडेला तीन इंच उंचीचा बांध घाला. कुत्रा पाळलेला असेल, तर आठवड्यातून एकदा वरून खाली पाणी मारा. उतार असल्याने सपाट अंगणापेक्षा इथे धुणं सोपं जातं. एप्रिल-मेच्या दुपारी मात्र टर्फ साठ अंशांच्या पुढे तापू शकतं. अनवाणी पोरांना सोडण्याआधी पाणी शिंपडा, आणि तेही थोडंच.